स्कॅनचा कागद

बारामती स्टँडवर इंदापूर गाडीच्या रांगेत माझ्यापुढं नणंद-भावजय उभ्या होत्या. नणंद रंगूबाई, शहरातल्याच एका वस्तीतली. भावजय अंथुर्ण्याची.

"वन्सं, तुमच्या गल्लीतला दारूचा गुत्ता बंद झाला म्हणं?"

"कागदानं बंद केला."

"अर्ज दिला व्हय?"

"अर्ज धा दिलं. ह्यो स्कॅनचा कागद. पोलिसानं त्याच्यावर मोबाईल धरला, की ठाण्यात कळतं गस्त झाली. साहेबांनी त्यो वस्तीच्या तोंडाला, खांबावर चिकटवला. मग काय, पोलीस गाडीवरनं न उतरताच मोबाईल धरायचं, आन् माघारी."

"मग वं?"

"आमी बायांनी त्यो अलगद सोडवला आन् गुत्त्याच्या दारावर डकवला."

"अगं बया. सरकारी कागद?"

"सरकारी म्हणून तर गुत्तेवाला हात लावंना. दिवसातनं दोनदा पोलीस दारात, मग पिणारं कशाला येतंय? आठ दिवसांत कुलूप. आता आमची छकुली शाळंला त्याच गल्लीनं जाती."

"पोलीस चिडलं न्हाईत?"

"पयल्या दिवशी हवालदार लई तापला. कागद कुणी हलवला म्हणून इचारलं. आमी बारा जणी एकदमच म्हणलो, मीच."

"आन् गुत्तेवाला गप बसला?"

"कशाचा. मागच्या गल्लीत मांडलाय की त्यानं परत."

"मग आता?"

"काल हवालदार आपल्या पायानं दारात आला. एका हातात त्यो कागद, दुसऱ्या हातात चिकटपट्टी. म्हणला, मावशी, आता कुठं लावायचा?"