टेकडीसाठी हो म्हणालेली घरं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पाणीपुरवठा कार्यालयातले माझे जुने सहकारी आणि आज ज्यांना निरोप देतोय त्या आपल्या सर्वेक्षणबाई,

बाईंच्या चिकाटीबद्दल इथे भरभरून बोललं गेलं. मी त्यांचा जुना विभागप्रमुख. मला एकच प्रसंग सांगायचाय, आणि त्यात माझं कौतुक नाही.

अठरा वर्षांपूर्वी तळ्यावरची टेकडी विकायला निघाली. तिच्यावर पडलेला पाऊस झिरपत झिरपत आपल्या तळ्यात यायचा. टेकडी कार्यालयानेच घ्यावी, झाडं राखावीत. त्यासाठी पाण्याच्या बिलात थोडी भर घालायला लोक तयार आहेत का? हे विचारत बाई चारशे घरं फिरल्या. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी त्यांना म्हणाल्या, "इतकी वर्षं बिल भरतेय, पाणी येतं कुठून ते आज कळलं. हो लिहा, बाई."

त्या यादीत माझंही घर होतं. दार आमच्या सौभाग्यवतींनी उघडलं आणि त्या हो म्हणाल्या. मी आतून ओरडलो, "वाढीव बिलाच्या शिव्या कोण खाणार? नाही लिहा!" बाईंनी हिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने 'नाही' लिहिलं.

तरीही जवळजवळ तीनशे घरं हो म्हणाली. मी अहवालावर शेरा मारला, 'दारात हो म्हणणारे बिल पाहून फिरतात. प्रस्ताव दप्तरी दाखल.' किती घरं हो म्हणाली, ते लोकांना कधी कळलंच नाही.

बाई म्हणाल्या, "साहेब, एकदा बिल पाठवून तर बघू."

"तुमचं काम विचारायचं. ठरवायचं काम माझं." असं बोललो मी, ह्याच इमारतीत.

टेकडी गेली. झाडं गेली, माती तळ्यात उतरली. आता निम्मं वर्ष टँकर. त्या मावशींच्या नळाला तर पाणी चढेचना. घर बंद करून त्या लेकीकडे गेल्या. आणि मला? मला बढती मिळाली.

गेल्या आठवड्यात बाईंच्या घरी जाऊन विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगू का?"

त्या म्हणाल्या, "सांगा, साहेब. हो म्हणालेल्या प्रत्येकाला अजून वाटतं, आपण एकटेच हो म्हणालो होतो."

तेवढ्यासाठी उभा राहिलो. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बाईंची क्षमा मात्र मी अजून मागितलेली नाही. कुठल्या तोंडाने मागायची, ते कळत नाही.