बिघडवलेलं अक्षर

हसा माझ्या अक्षराला, हसा. पण ते मी मुद्दाम बिघडवलंय. मी शाळेची पायरी चढले नाही. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्याच पाटीवर बाराखडी गिरवली आणि असं अक्षर कमावलं की त्याच्या बाई बघायला घरी आल्या.

आता मी कॅनडात, मार्कहॅमला मुलाकडे आणि नात सई तिथल्याच लांबच्या विनिपेगला कॉलेजात. तिला मी लाडू, मेतकूट पाठवते आणि डब्यात चिठ्ठी घालते. पोरीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पूर्वी व्हिडिओ कॉल करून चिठ्ठी समोर धरायची, "आजी, वाच ना." मग गप्पांत तास जायचा.

पुढे तिचा फोनच चिठ्ठ्या वाचायला लागला. कॅमेरा धरला की इंग्रजीत सगळं हजर. मला उत्तर काय, तर एक अंगठ्याचं चित्र. उभ्या जन्मात मी कागदावर अंगठा उठवला नाही, आणि चार महिने नातीचे अंगठे बघत बसले.

मागच्या डब्यात मग अक्षराचा पार चिखल केला. लिहिताना जीव तुटत होता. पण डबा पोचला आणि कॉल आला.

"आजी, फोनला काहीच कळत नाहीये. आर यू ओके? हात थरथरतो का तुझा?"

"थरथरतो गं. धर चिठ्ठी समोर."

चिठ्ठी दोन ओळींची होती, बोललो पाऊण तास.

काल मुलगा म्हणतो, "आई, नवं ॲप आलंय, कसलंही अक्षर वाचतं."

म्हटलं, "सईला सांगशील तर खबरदार."