सुपरवायझर बाई

नाई जी, बसा बसा, उठू नका — चार माणसाचा बाकडा आहे हा. जेलची मुलाखत म्हणजे वेळ लागतेच, आतली गणती झाल्याशिवाय सोडत नाई कोणाले. तुमचा कोण आहे आत, काका? पोरगा? हं. माही बायको आहे. — असे काऊन पाह्यता? चोरी-बिरी नाई केली तिनं. रंजीता नाव आहे, चिमूरच्या मास्तराची पोरगी. लग्न झाल्यापासून एकटी कधी बसमधी नाई बसली, अन् आता महिना होऊन राह्यला, इथी आहे.

गडचांदूरकडं माहा क्रशर आहे. खदानीचा दगड येते, आपण फोडून गिट्टी करतो, रस्त्याच्या कामावर जाते. धंदा बरा चालते — तेच तं झालं ना! नफा दिसला का टॅक्स आलाच. आमचे हिशेब वामनराव पाह्यते. ते म्हणाले, अजयभाऊ, बायकोले पगार द्या. म्हटलं, ते तं घरी असते, तिले कायचा पगार? तं म्हणे कागदावर द्या. तेवढं तुमच्या नफ्यातून कमी होते, अन् तिचा पगार असा ठेवू का तिलेही टॅक्स लागणार नाई. पण नुसती बायको आहे म्हणून चालत नाई, त्या कामाचं शिक्षण पाह्यजे. शिक्षण होतं ना तिच्यापाशी! लग्नाआधी पॉलिटेक्निक केलं होतं, मेकॅनिकल, वर्गात पोरगी म्हणून एकटीच. नोकरी मी करू नाई दिली — गरज काय होती, तुमीच सांगा? तं तोच डिप्लोमा कामी आला. सेफ्टी सुपरवायझर केलं तिले. सही कर म्हटलं, केली. पगार तिच्या खात्यात, कार्ड माह्या खिशात. सगळेच करते हो, काका. कोणाचं काय वाईट होते त्यात?

पण तिच्या डोक्यात शिरलं. एक दिवस म्हणते, मी सुपरवायझर आहो ना, मंग मले क्रशर तं दाखवा. म्हटलं धूळ आहे, कान फुटते आवाजानं, काय पाह्यतं तिथी? ऐकलं नाई. पोरीचे बूट पायात घालून आली — पोरगी म्हणजे दिव्यानी, नागपूरले वकिली शिकून राह्यली ना, तिचे. अख्खा क्रशर फिरली. गिट्टीचा पट्टा जिथी पुलीवर फिरते, तिथी जाऊन उभी राह्यली अन् म्हणते, इथली जाळी कुठी आहे? म्हटलं सडली होती, काढून टाकली. तं म्हणते, आजच बसवा, खडा अडकला का हे लोक चालू पट्ट्यात हात घालते, मी आत्ता पाह्यलं. माणसांसमोर बोलली हो! धनराज होता तिथी — पट्ट्यावरचा माणूस, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा — तो हसला. खोटं कायले सांगू, डोकंच फिरलं माहं. गाडीत बसवलं अन् म्हटलं, तू पगारापुरती सुपरवायझर आहे, कामाची नाई, परत इथी पाय ठेवाचा नाई. नाई ठेवला तिनं. पण रोज ताट वाढताना विचारे — बसवली का जाळी? मी म्हणो, बसवतो.

बसवणारच होतो. जाळी बसवाची तं क्रशर बंद ठेवा लागते, अन् इकडं रस्त्यावाले गिट्टीसाठी फोनवर फोन — बंद ठेवू कसा? अन् मंग तो धनराज — खडाच काढाले गेला होता. पट्ट्यानं हात ओढला, हातामागं — जाऊ द्या. इथी बसून कायले सांगू ते.

त्याची बायको आली, बुधरी, लेकरू कडेवर. रडली नाई. गेटसमोर मातीत बसली, तिच्या मागं तिचं गाव येऊन बसलं, कोणीच उठाले तयार नाई. पोलीस घाबरले, मोठं कलम लावलं. मले विचारलं, सेफ्टी कोणाकडं आहे? कागद काढले. नाव रंजीताचं.

मी काय बोललो म्हणता? मी काय बोलावं? ते कधी कामावर नव्हतीच असं म्हटलं असतं, तं इतक्या वर्साचा पगार खोटा ठरते. टॅक्सवाले घरात शिरते. अन् धनराजचं मरण माह्याच अंगावर येते. मी आत गेलो तं क्रशर कोण चालवंल, पोरीचं शिक्षण कोण करंल? वकील म्हणाला, बाई माणूस आहे, जामीन होऊन जाईल. घरी आले तिले न्याले, जमादारानं विचारलं, बाई, सुपरवायझर तुमीच का? तिनं माह्याकडं पाह्यलं — मी काही बोलंन म्हणून. मी जमादाराले म्हटलं, साहेब, चहा तं घ्या. मंग ते म्हणाली, हाव, मीच.

आज तिले एवढंच सांगाले आलो. कोर्टात म्हण, मी धनराजले सांगतलं होतं चालू पट्ट्यात हात घालू नको, त्यानंच नाई ऐकलं. झालं! तेही सुटते, पगारही खरा राह्यते. अन् त्याचं काय जाते आता, तो तं मेला — तुमी तिकडं काऊन सरकले, काका?

हाव, हाव, शिपाईदादा, मीच, रंजीतासाठी. — काय म्हणता? मुलाखत चालू आहे? कोणासंगं? — पोरगी? नाई जी, माही पोरगी नागपूरले आहे, मले न सांगता ते कशी — वकील? कोणता वकील? आमचा वकील तं घरीच आहे, आत्ता बोललो मी त्याच्याशी फोनवर. — जबाब? कायचा जबाब लिहून घेऊन राह्यले?

मले भेटाचं नाई म्हणते? असं कसं म्हणंल ते? नीट विचारा ना, दादा. नवरा आला म्हणा. — मालक आला म्हणा.

…

तुमी काय पाह्यता तोंडाकडं? नाव पुकारलं ना तुमच्या पोराचं. जा.