पायगुण आणि ऑक्सिजनची नळी

"सून आली आन् म्हयन्याभरात पोराचा हात भाजला. पायगुण, दुसरं काय," माझे सासरे, आबा, बाहेर भेटायला आलेल्यांना सांगत होते. मी आत चहा गाळत होते.

झालं होतं असं, की कामशेतच्या आमच्या वर्कशॉपात नवरा लोखंडी टाकीत शिरून वेल्डिंग करत होता. गुदमरतंय म्हणाला, तर आबांनी ऑक्सिजनची नळी आत सोडली. ऑक्सिजन साठला की कपडे एका ठिणगीत भडकतात, हे मी लग्नाआधी कंपनीत नोकरीला असताना शिकले होते. हळूच म्हणाले, "आबा, त्यापेक्षा पंखा लावा."

"दवाखान्यात देत्यात त्योच हाय ह्यो. तुला लय कळतंय."

पुढच्याच ठिणगीला नवऱ्याची बाही पेटली.

चहा बाहेर नेला, पहिला कप आबांना दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, पाय माझे वाईट असतील, पण नळी तुमच्या हातात होती."