सील तुटलेल्या शीतखोलीतील चीजबाबत

जबाब देणार: स्त्री, वय ४१ वर्षे, धंदा चीज पॅकिंग, राहणार डेअरीच्या मागील दोन खोल्या.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, डेअरी माझ्या थोरल्या भावाची आहे. मी तेथे चीज किसून पिशव्या भरते. माझे पती डेअरीचा टेम्पो चालवतात.

उन्हाळ्यात दादाने तांब्याच्या मोठ्या कढईला कल्हई करून घेतली. नेहमीचा कल्हईवाला महाग पडतो म्हणून दुसरा आणला. त्याच्या कथलात शिसे होते. ते चीजमध्ये उतरल्याचे अन्न तपासणीचे साहेब गेल्या आठवड्यात आले तेव्हा समजले. चवीला काही कळत नाही, पण शिसे अंगात साठते, लहान मुलांच्या मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही, असे त्यांनी दादाला माझ्यासमोर सांगितले. तो सर्व माल शीतखोलीत ठेवून दाराला सील लावले. तेव्हापासून नवीन माल स्टीलच्या टाकीत होतो.

आज सकाळी मी कामावर गेले तेव्हा सील तुटलेले होते. फळ्या रिकाम्या होत्या आणि माल भरून टेम्पो निघून गेला होता. दादा म्हणाला, "चांगल्या मालात किसून मिसळलंय. एवढंसं कुणाला बाधतंय? मी खातोच आहे की, झालोय का आजारी? घोड्यासारखा आहे."

मी म्हणाले, "तू घोडा आहेस, दादा. ती पोरं आहेत."

तो म्हणाला, "डेअरीला कुलूप लागलं की तू कुठे जाशील, ते बघ आधी."

किसलेला माल आमच्याकडून फक्त निवासी शाळा घेते. मुले दुपारी जेवायला बसतात. शाळेचा फोन लागला नाही. पतींनी उचलला नाही. म्हणून मी येथे आले व टेम्पोचा नंबर दिला.

जबाब चालू असताना, टेम्पो शाळेच्या फाटकात अडवल्याचे मला सांगण्यात आले. मालाबद्दल काही माहीत नव्हते असे पती म्हणतात, हेही सांगितले. त्यावर विचारल्यावरून सांगते की, सील लागले त्या दिवशी ते बाहेरगावी होते. घरी आम्ही डेअरीचे बोलत नाही.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, टेम्पो भरला की ते मूठभर कीस घरी आणतात, मुलीच्या हातावर ठेवतात आणि मग निघतात. आजही घरी आले होते. मुलीने हात पुढे केला. ते म्हणाले, "आज नको, बाळा."

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. पतींबद्दलचे पुन्हा एकदा वाचायला लावले. तेही बरोबर आहे.