समुद्राकडची भिंत

शैलजा : हलू नकोस, कुणाल. भुवई पार फाटलीये. आणि अहो, दवाखाना सोडून याला घरी का आणलंत?

गिरीश : तिथं डॉक्टर विचारणार, कोणी मारलं.

शैलजा : कोणी मारलं?

कुणाल : दाजींनी. टिकावाच्या दांड्यानं. पुढचा दात गेला, ताई.

शैलजा : माझ्या भावाला मारायला कतारला बोलावलंत होय?

गिरीश : आधी ऐकून घे. कोळ्यांच्या गावातलं जे जुनं घर आम्ही दुरुस्त करतोय, ते संरक्षित आहे. एक दगड हलवायचा तरी आधी फोटो, मग नंबर, मगच हात. आणि हा पठ्ठ्या भिंतीचे दगड उपसून फेकत होता.

शैलजा : का रे?

कुणाल : खाली धवल होता.

शैलजा : नजमा भागातल्या तुझ्या खोलीत राहणारा?

कुणाल : तोच. जेवून सावलीला टेकला होता. समुद्राकडची भिंत त्याच्या अंगावर आली. एक हात तेवढा बाहेर, बोटं हलत होती.

शैलजा : अहो, हे नाही सांगितलंत मला.

गिरीश : मला दिसलं नाही.

कुणाल : मी बोंबलून सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी नंबर टाक.

गिरीश : वर कमान लटकत होती, गाढवा. आणखी ओढलं असतंस तर तूही गेला असतास.

कुणाल : मग कमान म्हणायचं होतं. तुम्ही नंबर म्हणालात. मी थांबेना तर दांडा घातलात. शुद्धीवर आलो तेव्हा दगडांवर खडूनं नंबर टाकून झाले होते.

शैलजा : आणि धवल?

कुणाल : गेला.

गिरीश : मला काय आनंद झालाय का? पण पोलीस विचारतील तेव्हा तोंडावर दगड पडला म्हणायचं. खलास. नाहीतर मी आत जाईन, हिचा संसार उघड्यावर येईल, तुझ्या भाचीची, नुपूरची, शाळा सुटेल.

कुणाल : मी खोटं सांगणार नाही.

गिरीश : माझं खाऊन माझ्यावरच उलटतोस, हरामखोरा?

(कुणालची मानगूट धरून गिरीश त्याचं डोकं भिंतीवर आपटतो. पुन्हा आपटतो.)

शैलजा : सोडा त्याला. हातात कात्री आहे माझ्या. खुपसेन, सांगून ठेवते.

गिरीश : शैलू, मी आपल्या घरासाठीच...

शैलजा : सोडा म्हणते ना. बसा तिकडे. कुणाल, उभं राहता येतंय?

कुणाल : येतंय.

शैलजा : हा फोन कोणाचा वाजतोय मघापासून?

कुणाल : धवलच्या आईचा. त्याचा फोन लागत नाही म्हणून मला करतायत. माझ्यानं नाही उचलवत, ताई.

शैलजा : दे इकडे. मी बोलते. मग पोलिसांकडे जाऊ. तुला कोणी मारलं, का मारलं, सगळं सांगायचं. मी आहे बरोबर.

गिरीश : शैलजा, नुपूरचा विचार कर.

शैलजा : तिलाही मीच सांगेन. हॅलो, काकू? मी कुणालची ताई बोलतेय, कतारहून. घरात आणखी कोणी आहे का तुमच्याजवळ?