कडांना रक्त नव्हतं

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे माननीय संचालक, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, शवविच्छेदन कक्षात तीस वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसलेले मामा,

माझं इतकं कौतुक झालं, की मी गुपचूप स्वतःची नाडी चाचपून पाहिली. चालू आहे. संचालक साहेब म्हणाले, "बाईंचं निदान कधी चुकलं नाही." साहेब, हे खरं नाही, आणि ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आमच्या विषयाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. जनावर मेलं म्हणजे त्याचं शरीर गप्प बसतं असं नाही. रक्त खालच्या अंगाला उतरतं, तिथलं फुप्फुस काळंलाल दिसतं. नवख्याला वाटतं, मार लागलाय. पोटावरची कातडी हिरवी पडते, लगेच कुणीतरी म्हणतं, विष घातलं! आजार कुठला आणि मेल्यानंतरचा बदल कुठला, हे ओळखणं म्हणजेच आमचं काम. नाही ओळखलं, तर काय होतं? जनावराचं काही बिघडत नाही, ते गेलेलंच असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी घोडेस्वारी क्लबची एक घोडी माझ्या टेबलावर आली. आदल्या दुपारी मेलेली, कडक उन्हाळा, पोट फुगून टम्म. उघडलं तर जठर फाटलेलं, दाणा सगळीकडे पसरलेला. क्लबचे सचिव माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "तबेलेवाल्याने दाणा जास्त घातला असणार." आणि मी, सुवर्णपदक मिळवलेली बाई, लिहून मोकळी झाले: अतिआहाराने जठर फुटून मृत्यू.

तो तबेलेवाला म्हणजे हे मामा. कक्षाच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले होते, "बाई, मी दोनच मापं दिली होती." मी मान वर करूनही पाहिलं नाही.

मामांचं काम गेलं. दुसऱ्या कुठल्या तबेल्याने त्यांना दारात उभं केलं नाही. घोड्यांत वाढलेल्या माणसाने गोदामात पोती उचलली. त्यांच्या मुलीला शाळेत 'घोडा मारणाऱ्याची मुलगी' म्हणायचे. आणि ते जठर? ते आमच्या संग्रहालयात बरणीत, माझ्या सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठीसह. अठरा वर्षं मी ते विद्यार्थ्यांना ऐटीत दाखवलं.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने बरणी उजेडात धरली आणि विचारलं, "मॅडम, कडांना रक्त कुठंय?"

जिवंतपणी जठर फाटलं, तर फाटलेल्या कडांत रक्त साकळतं, सूज येते. मेल्यावर वायूने फुगून फाटलं, तर कडा फिकट राहतात. या कडा फिकट होत्या. पहिल्या वर्षाला शिकवतो हो आपण हे! मग घोडी कशाने मेली? मला माहीत नाही. उत्तर आयतं मिळाल्यावर मी पुढे शोधलंच नाही.

व्यासपीठावरून चिठ्ठी आली आहे: 'आटोपते घ्यावे.' घेते. तीस वर्षं आटोपतंच घेत आले, त्याचाच हा परिणाम आहे.

अहवाल दुरुस्त करू द्या, म्हणून मी तीनदा अर्ज केला. उत्तर तोंडीच मिळालं: एक अहवाल उघडला, तर लोक बाकीच्यांवरही शंका घेतील. घेऊ देत की! शंका घेणं हाच आपला अभ्यासक्रम आहे ना? निवृत्तीच्या तोंडावर कशाला नसती उठाठेव, असंही प्रेमाने सुचवलं गेलं. आजच्या भाषणात हा विषय नको, असं तर सकाळीच बजावलं गेलं.

तर साहेब, आज अकरा वाजता, पदभार सोडण्याआधी, मी दुरुस्तीचा अहवाल सही-शिक्क्यानिशी काढला आहे. जावक क्रमांक पडला आहे. एक प्रत क्लबला गेली, एक तुमच्या टेबलावर आहे. बरणीवरची चिठ्ठीही मी बदलली. त्यावर लिहिलंय, 'मृत्यूनंतर फाटलेलं जठर. पूर्वीचं निदान चुकीचं', आणि खाली माझं पूर्ण नाव. माझ्यावर कारवाई करायची तर खुशाल करा, पत्ता कार्यालयात आहे.

सहकाऱ्यांनो, तुम्ही मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिचे सगळ्यांत जास्त. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर क्षमा असावी, असं म्हणून वक्त्याने खाली बसायचं असतं. पण आजच्या एका शब्दाबद्दलही मी व्यासपीठाची क्षमा मागणार नाही.

क्षमा मागते ती मामांची. मामा, तुम्ही दोनच मापं दिली होती. मला माफ केलंच पाहिजे असं नाही. तिसरी प्रत माझ्या हातात आहे, त्यावर तुमचं नाव आहे आणि 'निर्दोष' असं लिहिलं आहे. तुम्ही उठू नका. मीच तिकडे येते.